तलावातला अठरा मीटरचा डोंगर

देवझरीच्या तलावात मधोमध अठरा मीटर उंचीचा डोंगर उभा आहे, असं उत्पला रामटेकेचा नकाशा सांगत होता. प्रयोगशाळेच्या खिडकीतून तलाव स्पष्ट दिसे. तिथे पाणी होतं, कमळं होती, दोन-तीन बदकं होती. डोंगर काही नव्हता.

साल होतं २०५२. तेरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना जवळच्या महाविद्यालयात एक विषय शिकता येईल, असा नियम त्याच वर्षी आला होता. उत्पलाने प्रोग्रॅमिंगचा प्राथमिक वर्ग निवडला. वर्गातली बाकी मुलं अठरा-एकोणीस वर्षांची. पहिल्या दिवशी एकाने तिला विचारलंही, "कुणाला शोधतेयस, बाळ?"

पहिले तीन आठवडे बरे गेले. प्रोग्रॅम (यंत्राने एकामागून एक पाळायच्या सूचनांची यादी) कसा लिहायचा, ते तिला लवकर जमलं. मग वर्ग शिकवणाऱ्या खोब्रागडे मॅडमनी प्रत्येकाला खरंखुरं काम दिलं. उत्पलाच्या वाट्याला तलावाच्या तळाचा नकाशा आला. एक छोटी बिनमाणसाची होडी तलावभर फिरायची. तिच्या पोटाशी प्रतिध्वनिमापक (आवाज खाली पाठवून तो परत यायला किती वेळ लागला हे मोजणारं उपकरण) बसवलेला होता. त्या वेळांवरून खोली काढायची आणि नकाशा रंगवायचा. हा नकाशा मच्छीमार संस्थेला हवा होता. माशांच्या पिल्लांचे पिंजरे पाण्यात टांगायला निदान सहा मीटर खोली लागते. कमी पडली तर पिंजरा गाळात बसतो आणि पिल्लं गुदमरतात.

उत्पलाने चौसष्ट ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून हा डोंगर निघाला.

तिने सगळं पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा डोंगर. तिसऱ्यांदा लिहिलं, तरी तोच. शुक्रवारी प्रत्येकाला आपलं काम वर्गासमोर दाखवायचं होतं. ज्याला जमणार नाही, त्याने पुढच्या वर्षी नव्याने यायचं.

"तूच लिहून दे ना," ती शेवटी प्रयोगशाळेतल्या संगणकाला म्हणाली.

"देईन," संगणक म्हणाला. "हल्ली आम्ही यंत्रंच बहुतेक प्रोग्रॅम लिहितो. पण माझा नकाशा बरोबर आहे की चूक, हे तू कशावरून ठरवशील?"

"निदान माझं काय चुकलं ते तरी सांग."

"तू लिहिलेलं मी चालवलं. त्यात अडखळण्यासारखं काही नव्हतं. तुला काय म्हणायचं होतं, ते मात्र मला ठाऊक नाही."

ती घरी आली आणि दप्तर न उघडताच बसून राहिली. तिची आई विशाखा वीज कंपनीत लाइनवुमन होती. खांबावर चढून तारा दुरुस्त करणं हे तिचं काम. संध्याकाळी ती परत आली, तिने कमरेचा पट्टा सोडून खुंटीला लावला आणि लेकीकडे बघितलं.

"काहून बसली अशी तोंड पाडून?"

उत्पलाने सगळं सांगितलं. आईला प्रोग्रॅमिंगमधलं काही येत नव्हतं, पण ती मन लावून ऐकत होती.

"चौसष्ट ओळी, आणि त्यातली एक बिघडली. तू काय केलंस? सगळी लाइन उपटून नवी टाकली. तीही तीनदा!"

"मग काय करू? एकेक ओळ तपासत बसू?"

"आमच्याकडे चौसष्ट खांबांची लाइन बंद पडली, तर आम्ही पहिल्या खांबापासून चढत बसत नाही गं. पाय मोडतील. सरळ मधल्या खांबावर जायचं. बत्तिसाव्यापर्यंत वीज येतेय? मग अलीकडचं सगळं ठीक, बिघाड पलीकडे. येत नाही? मग अलीकडे. एका तपासणीत अर्धी लाइन बाद."

"आणि उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग?"

"पुन्हा दोन. मग पुन्हा."

उत्पलाने बोटांवर मोजलं. चौसष्टाचे बत्तीस, मग सोळा, आठ, चार, दोन, एक. फक्त सहा तपासण्या! या रीतीला द्विभाजन (दर वेळी दोन भाग करून एक भाग वगळणं) म्हणतात, हे तिला नंतर पुस्तकात सापडलं. त्या संध्याकाळी ते तिला आईच्या तोंडून कळलं.

दुसऱ्या दिवशी तिने बत्तिसाव्या ओळीनंतर एक जादा सूचना घातली : इथवरची संख्या दाखव. आकडा खोलीचाच होता, उलटा झालेला नव्हता. म्हणजे दोष पुढे. अठ्ठेचाळिसाव्या ओळीपर्यंतही ठीक. छपन्नाव्यानंतर मात्र खोलीची उंची झालेली. बावन्नाव्यानंतरही उंचीच. पन्नासाव्यापर्यंत ठीक, एक्कावन्नाव्यापर्यंतही ठीक. राहिली बावन्नावी. तिथे लिहिलं होतं : पाण्याच्या पातळीत खोली मिळव.

"मिळव नाही, वजा कर!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारचा मुलगा दचकला. तळ तर पाण्याच्या खाली असतो. तिन्ही वेळा तिने हीच ओळ न बघता तशीच लिहिली होती.

डोंगर गेला. त्याच्या जागी सुंदर निळा खड्डा आला, मधोमध अठरा मीटर खोल. नकाशा अगदी खऱ्यासारखा दिसत होता. उत्पलाने तो नाचत घरी नेला.

आईने नकाशा हातात घेतला. "छान दिसतोय. पण अठराच कशावरून?"

"प्रोग्रॅमने काढलंय."

"कालपर्यंत प्रोग्रॅम डोंगर काढत होता, बाप्पा! मी खांबावर चढते, तेव्हा तिथे किती वीज असायला पाहिजे हे मला आधी माहीत असतं. म्हणून तर बिघाड कळतो. तुला खरी खोली माहीत आहे?"

माहीत नव्हती. उत्पलाला जरा रागच आला. झालेलं काम आई पुन्हा उकरून काढत होती. पण प्रश्न मनातून जाईना. गुरुवारी सकाळी दोघी मच्छीमारांच्या डोंग्यातून तलावाच्या मध्यावर गेल्या. उत्पलाने दोराला दगड बांधून पाण्यात सोडला. दगड टेकला, दोर सैल पडला. तिने तो वर ओढून मोजला.

नऊ मीटर. अठराच्या बरोबर निम्मे.

नकाशात दहा मीटर दिसणाऱ्या जागी खरी खोली पाचच असणार. तिथे पिंजरा गाळातच गेला असता. चुकीचा डोंगर तरी लगेच ओरडून सांगत होता. हा खड्डा गप्प होता.

पण आता तिच्याजवळ खरं उत्तर होतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण पंधराशे मीटर जातो. नऊ मीटर जायला सहा हजारांश सेकंद (सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले सहा) लागायला हवेत. तिने पुन्हा मधून तपासायला सुरुवात केली. बत्तिसाव्या ओळीपर्यंत अठरा, सोळाव्यापर्यंतही अठरा. आठव्या ओळीवर नुसता वेळ होता : बारा हजारांश सेकंद.

बारा? ती बघत राहिली. सहा जायला आणि सहा... परत यायला! आवाज तळाला टेकून वर येतो, आणि उपकरण दोन्ही फेऱ्यांचा वेळ मोजतं. तो निम्मा करायची सूचना तिने लिहिलीच नव्हती. लिहिलेली चूक वाचून सापडली असती कदाचित. न लिहिलेली कशी दिसणार? तिने ती सूचना घातली आणि नकाशातला खड्डा नऊ मीटरवर आला.

शुक्रवारी तिने वर्गासमोर नकाशा लावला. आधी डोंगर दाखवला, तेव्हा सगळे हसले. मग अठरा मीटरचा खड्डा दाखवला आणि विचारलं, "यात काय चुकलंय?" कुणालाच सांगता येईना. तेव्हा तिने दोराची गोष्ट सांगितली. हसणं केव्हाच थांबलं होतं.

"अजून एखादी चूक राहिली असेल?" खोब्रागडे मॅडमनी विचारलं.

"असू शकेल, मॅडम. म्हणून आम्ही आणखी सहा ठिकाणी दोर सोडला. सगळीकडे जुळलं. सातव्या ठिकाणाचं मी सांगू शकत नाही."

मॅडमनी तिच्या नावापुढे खूण केली आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या सत्राचा अर्ज आजच भर."

पुढच्या आठवड्यात संस्थेने बारा पिंजरे पाण्यात सोडले. उत्पला काठावर उभी राहून मोजत होती. बाराही पिंजरे तळापासून मोकळे, हलकेच डोलत राहिले. जिल्ह्यात असे शेकडो तलाव होते आणि बहुतेकांचा तळ अजून कुणी पाहिलेला नव्हता. आम्हालाही नकाशा हवाय, असा पलीकडच्या गावच्या संस्थेचा निरोप आलाच होता. उत्पलाने वहीचं कोरं पान उघडलं. प्रोग्रॅमची एकही ओळ न लिहिता तिने आधी वर लिहिलं : 'उत्तर बरोबर आहे हे मला कशावरून कळेल?' आणि ती विचार करत बसली.