काठ आत, कोपरे आत

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं सोलापूरला यावं, भवानी पेठेत आमच्या महेश्वरचं घर विचारावं आणि अंगणात उभी असलेली गाडी बघून जावं. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा संपल्यापासून ती जागची हललेली नाही.

आणि एक आधीच सांगते. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, रात्रीचे बारा नाहीत. जे झालं ते गेल्या वर्षी, भर दुपारी, बार्शी रोडवर.

महेश्वर माझा आत्तेभाऊ. चादरी-टॉवेलचं दुकान चालवतो. त्याची आई चंद्रव्वा, म्हणजे माझी आत्या, आजारपणात गेली. मागे राहिले वडील मडिवाळप्पा. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणायचे, मीसुद्धा.

दोघांनी उभा जन्म त्या दुकानात काढला. आत्या घड्या घालायची. काठ आत, कोपरे आत. बाहेरून एक दशी दिसायची नाही. दुसऱ्या कुणाला तशी घडी जमली नाही, मला तर मुळीच नाही.

अप्पा गठ्ठे बांधायचे. सुतळीचे तीन वेढे आणि गाठ खालच्या बाजूला. गठ्ठा उलटा केल्याशिवाय ती सापडायचीच नाही. गिऱ्हाईक वैतागायचं. अप्पा म्हणायचे, "वाटंत सुटू नये म्हणून बांधतोय. घरी जाऊन सोड की निवांत."

घडी तिची, गाठ त्यांची. पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्या गेल्यावर वर्षभरानं महेश्वरनं इलेक्ट्रिक गाडी घेतली. सहा एअरबॅगा. समोर काही आडवं आलं तर आपोआप ब्रेक. मागच्या सीटवर बसून पट्टा लावला नाही तरी घंटी वाजणार. लिंबं चिरडली, नारळ फुटला, अप्पांनी स्टिअरिंगला विभूती लावली.

गाडी ताब्यात देताना शोरूममधला अजिंक्य म्हणाला, "काका, पुढच्या सीटवर कव्हर घालू नका. कुशीची एअरबॅग सीटच्या शिवणीतून बाहेर येते. कव्हर आडवं आलं तर आतच अडकंल."

अप्पांनी मान डोलवली. मान डोलवणं आणि ऐकणं यात त्या घरात लई अंतर आहे.

घरचा माग विकला तेव्हा त्याच्यावरची शेवटची चादर आत्यानं काढून ठेवली होती. अप्पांनी ती ट्रंकेतून काढली, कापली आणि डाव्या सीटचं कव्हर शिवलं. महेश्वर म्हणाला, "अप्पा, कंपनीनं नको सांगितलंय."

"कंपनीला कापडातलं काय कळतंय? ती असती तर ह्याच सीटवर बसली असती. ह्या सीटला तरी घरचं कापड असू दे."

महेश्वरला म्हाताऱ्याचं मन मोडवेना. कव्हर चढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीपाशी गेला.

गाडी लॉक होती. चावी त्याच्या खिशात.

आणि डाव्या सीटवर...

कव्हर निघालेलं होतं. घडी घालून ठेवलेलं.

काठ आत. कोपरे आत.

त्यानं बायकोला, अंकिताला विचारलं. तिनं हात लावला नव्हता. पाच वर्षांच्या लेकीला, ऋतुजाला, दारसुद्धा उघडता येत नव्हतं. अप्पा बाहेर आले, घडी बघितली आणि खाली बसले. डोळे भरून आले त्यांचे.

"ती येऊन गेली," ते म्हणाले. "मळंल म्हणून काढून ठेवलं बघ. तिची सवयच."

अंकिता पुण्याहून आलेली सून, पण तिला कळलं. "अप्पा, त्या नको म्हणत असतील. राहू दे की काढून."

"माझी बायको काय म्हणते ते तू मला सांगू नको."

कव्हर पुन्हा चढलं. पुन्हा निघालं. तीच घडी.

मग अप्पांना चेव आला. त्यांनी गठ्ठे शिवायचं दाभण आणि मेणाचा दोरा घेतला आणि कव्हर सीटलाच शिवून टाकलं. नेमकं त्या कडेनं, जिथं एअरबॅग लिहिलेली छोटी पट्टी होती. महेश्वर बघत उभा राहिला. ते उभं राहणं त्याला अजून झोपू देत नाही.

बार्शीला एका लग्नाच्या टॉवेलांची ऑर्डर पोचवायची होती. निघायच्या दिवशी सकाळी बघतात तर टाके उसवलेले, कव्हर घडी करून ठेवलेलं, आणि सगळा दोरा नीट गुंडाळून त्याच्यावर ठेवलेला.

अप्पा रिकाम्या सीटवर ओरडले. "पुरे आता, चंद्रा. किती छळशील?"

आणि त्यांनी पुन्हा शिवलं. दुहेरी दोऱ्यानं.

निघाले दोघंच. महेश्वर गाडी चालवत होता, अप्पा डाव्या सीटवर, पट्टा लावून. टॉवेल सगळे डिकीत. मागची सीट रिकामी.

इलेक्ट्रिक गाडीला इंजिनाचा आवाज नाही. त्यामुळं बारीकसारीक सगळं ऐकू येतं.

वडाळा मागे पडलं आणि...

टिंग.

टिंग.

पडद्यावर लाल खूण आली. मागची डावी सीट. कुणीतरी बसलंय, पट्टा लावलेला नाही.

महेश्वरनं गाडी कडेला घेतली. मागं पाहिलं. काही नाही. सीटवरून हात फिरवला. ऊन तिथंच पडत होतं, तरी सीट गार होती. त्यानं रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाकला आणि निघाला.

थोडं अंतर गेलं.

खट्...

पट्टा सुटला. आपोआप.

टिंग. टिंग.

अप्पांनी मागं वळूनही बघितलं नाही. "ती बसलीय," एवढंच म्हणाले. "बसू दे."

मग दुसरा आवाज सुरू झाला. अप्पांच्या सीटच्या कडेनं, दाराच्या बाजूनं. नखानं कुणी कापड खरवडावं तसा.

खर्र... खर्र...

अप्पा हलले. "कुशीला काहीतरी ओढतंय रे."

टच्.

एक टाका तुटला.

महेश्वर सांगतो, त्या क्षणी त्याला सगळं लख्ख कळलं. कव्हर का निघत होतं, घडी का होत होती. आई कापड जपत नव्हती. अप्पांना जपत होती.

"अप्पा, थांबतो. कापून टाकू ते."

"बार्शीत कापू."

टच्. दुसरा टाका.

"आत्ताच थांबतो."

त्यानं वेग कमी केला. वैरागच्या अलीकडं रस्त्याकडेला ऊस उभा होता. त्या उसातून, डाव्या बाजूच्या कच्च्या वाटेनं, भरलेली ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर थेट रस्त्यावर आला. समोर आला असता तर गाडी आपोआप थांबली असती.

तो गाडीच्या डाव्या कुशीत घुसला.

धूळ खाली बसली तेव्हा महेश्वरला खरचटलंही नव्हतं. गाडीनं तिचं काम केलं होतं. बॅटरीची जोडणी आपोआप तुटली, दारांची लॉकं उघडली, दिवे लुकलुकत होते. खिडकीवर एअरबॅगेचा पांढरा पडदा उतरला होता, त्यानं अप्पांचं डोकं वाचवलं.

कुशीची एअरबॅग मात्र कव्हरच्या आत फुगून तिथंच दबली होती. दोन टाके तुटलेले. बाकीचे सगळे जागच्या जागी. अप्पांची शिवण होती ती, सुटते कशाला?

दार आत आलं होतं. अप्पांच्या बरगड्यांवर.

आणि मागून घंटी चालूच.

टिंग. टिंग.

"अप्पा," महेश्वर म्हणाला, "हलू नका. माणसं येतायत."

अप्पांनी मान वळवली. महेश्वरकडं नाही. मागं. रिकाम्या सीटकडं. दुकानात आत्यानं जेवायला हाक मारली की ते जसं म्हणायचे तसंच म्हणाले...

"बंदे. बंदे."

कानडीत, आलो, आलो.

खट्.

मागचा पट्टा लागला.

घंटी थांबली. अप्पांचा श्वासही.

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहायला बसले नसते.

महेश्वरनं वर्षभरात दुसरी गाडी घेतली. तसलीच. कव्हर नाही, उशी नाही, आरशाला लोंबणारी बाहुलीसुद्धा नाही. ऋतुजासाठी मागं लहान मुलांची वेगळी सीट बसवली. रोज स्वतः पट्टे ओढून बघायचा. घडी कधी दिसली नाही. आई शांत झाली म्हणायचा.

यंदा गड्ड्याची जत्रा झाली. थंडी होती. रविवारी सकाळी अक्कलकोटला जायचं ठरलं, म्हणून अंकितानं आदल्या संध्याकाळी ऋतुजाची छोटी दुलई त्या सीटवर पसरली, पट्ट्यांच्या खाली. लेकराला ऊब. कुठलीही आई हेच करील.

सकाळी दार उघडलं.

दुलईची घडी झाली होती. काठ आत, कोपरे आत.

आणि तिला सुतळी बांधलेली होती. तीन वेढे.

महेश्वरनं ती उलटी केली.

गाठ खाली होती.

तो तिथंच फरशीवर बसला. अक्कलकोट राहिलं. त्या दिवसापासून गाडीच काढलेली नाही. ऋतुजा शाळेला चालत जाते, आई-बापाच्या मध्ये, दोन्ही हात धरून.

परवा मी घरी गेले होते. अंकितानं समजूत घातली, माझी की स्वतःची, कोण जाणे. म्हणाली, "माहितीपुस्तकात लिहिलंय, मुलाच्या पट्ट्याखाली जाड काही घालू नये, पट्टा सैल राहतो. तेच सांगतायत ते दोघं. दुलई काढली, झालं. भ्यायचं काय त्यात?"

बरोबर आहे तिचं. मलाही तसंच वाटावं अशी माझी लई इच्छा आहे.

दुलई भिंतीतल्या देवळीत ठेवलीय, बांधलेली तशीच. ऋतुजा झोपताना मागते. तिला नवी आणलीय. जुनीची गाठ सोडायचं धाडस कुणी करत नाही.

मी निघताना महेश्वरनं मला दारात थांबवलं.

"आई नुसती घडी घालायची," तो हळू म्हणाला. "कापड घरात ठेवायचं असलं की घडी. अप्पा बांधायचे ते माल वाटेला लागणार असला की. वाटेत सुटू नये म्हणून."

त्यानं देवळीकडं बघितलं.

"मग ही कुठं जायला बांधलीय?"

आत ऋतुजा बाहुलीशी काहीतरी बोलत होती. मी चपला घातल्या आणि गाडीच्या बाजूनं न जाता मागच्या बोळानं बाहेर पडले.