टाकीवरचा हात

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. माझ्या आतेबहिणीच्या, केतकीच्या बाबतीत. होसकोट्याच्या एका केमिकल कारखान्यात, गेल्या आयुधपूजेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी.

हो, दुपारी. भुतांना काय घड्याळ कळतं?

आमच्या बंगळुरात आयुधपूजेला यंत्रांना न्हाऊमाखू घालतात, कुंकू लावतात, कोहळा फोडतात. केतकीच्या ताब्यातली पोलादी टाकी माणसाहून उंच. आत उत्प्रेरकाचे खडे, बारीक भोकाभोकांचे. वायू त्या भोकांत शिरतो, प्रक्रिया तिथंच होते, उष्णताही तिथंच निघते. टाकीचं काम थांबवलं की ती बाहेरून गार पडते, पण खड्यांच्या पोटात धग राहते. तशात झाकण उघडून हवा आत गेली, की भडका.

त्याआधीच्या पूजेला केतकीच्या हाताखालचे जुने कामगार, शिवाप्पाअण्णा, असेच गेले. सगळ्यांना सफाईची घाई. टाकीवरचा तापमानाचा काटा गार दाखवत होता, म्हणून त्यांनी झाकण उघडलं.

आता त्यांच्या जागी त्यांचा मुलगा होता, चंदन. निपाणीकडचा, नुकतंच लग्न झालेला.

चंदननं ओल्या फडक्यानं टाकी पुसली. काटा खाली आलेला. केतकीनं हात लावून पाहिला... गार.

चंदन पाना घेऊन शिडीवर चढला. ती "उघड" म्हणणार, एवढ्यात...

ओल्या पत्र्यावर एक डाग सुकला.

मग त्याला बोटं फुटली.

तिनं पुन्हा फडकं फिरवलं. बाकी टाकी ओलीच राहिली... तो पंजा तेवढा सुकला.

"स्वल्प इरी, अक्का."

जरा थांबा, अक्का. अगदी कानाशी. शिवाप्पाअण्णांची नेहमीची हाक.

केतकी ओरडली, "चंदन, खाली ये! आधी खाली ये!"

तो उतरला. पंजाकडे बघत राहिला. मग आपला हात त्यावर ठेवला.

"अप्पांचाच हाय ओ, अक्का," म्हणाला आणि ढसाढसा रडला.

काटा होता टाकीच्या कडेला. दोघांनी तापमापकाची लांब सळी वरून आत गेलेल्या, तळाशी बंद असलेल्या नळीतून खड्यांच्या मधोमध सारली. आकडा चढत गेला... चढतच गेला. चारशेला थांबला.

त्या वर्षी पूजा झाकण न उघडताच झाली.

आज पुन्हा तीच आदली दुपार. आत्ताच केतकीचा फोन आला होता. काटा गार म्हणतो, सळीही गार म्हणते. तिनं टाकी दोनदोनदा ओली केली...

पंजा उमटत नाही.

चंदन पाना घेऊन शिडीवर उभा आहे. "अक्का, अप्पा गेले काय ओ?" असं विचारतोय.

आणि केतकीच्या तोंडून "उघड" काही निघत नाही.