नुईबद्दल चांगलं काही

त्या दिवशी मी घरातून निघाले ती अगदी साध्या कामासाठी. डोक्याला पंचा बांधलेला, हातात टोपली, टोपलीत परसातल्या काकड्या. ओबोन तोंडावर आला होता. भर उन्हाळ्यात आमच्या बेटावर पितर घरी येतात, आणि वर्षभरात जे गेले त्यांचा तो पहिलाच फेरा असतो. म्हणून पहिल्या संध्याकाळी सगळं गाव देवळाच्या ओसरीत बसतं आणि नव्याने गेलेल्या प्रत्येकाची एकेक आठवण सांगतं. चांगलीच सांगायची, अशी रीत. आपलं आयुष्य कुणाच्या तरी तोंडून ऐकलं की गेलेलं माणूस सुखाने परत जातं, असं म्हातारी माणसं म्हणायची.

कोण काय सांगणार हे आधी घरोघरी जाऊन विचारून ठेवायचं, नाहीतर तीच गोष्ट चौघं सांगतात. हे काम आमचे हे करायचे. सादाहारू. त्या वर्षी ते माझ्याकडे आलं, कारण ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांच्यातच ते होते. हिवाळ्यात संत्र्याच्या बागेत झाडाला टेकून बसले आणि बसल्या जागी गेले. होड्या बांधणारे योहेई आजोबा त्यांच्या आधी गेले होते. आणि वसंतात नुई.

नुई टोकावरच्या खडकांपाशी एकटी राहायची. समुद्रातलं शेवाळ काढून वाळवायची आणि पलीकडच्या गावात विकायची. नवरा लग्नानंतर लगेच बुडाला होता. जीभ अशी, की वाळल्या मिरचीलाही ठसका लागावा. कुणाच्या घरी जायची नाही, कुणाला येऊ द्यायची नाही. कपड्यांत कापूर घालून ठेवायची, त्यामुळे ती वाटेने गेली की मागे बराच वेळ कापराचा वास राहायचा. तिच्याबद्दल चांगलं सांगणारं कोण मिळणार, याचीच मला काळजी होती.

पहिलं घर मासुएताईंचं. त्या टोफू करतात. हौदातल्या पाण्यात हात घालून त्या वड्या कापत होत्या.

"योहेई आजोबांचं मी सांगते," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नात पिऊन विहिरीशी गप्पा मारत बसले होते, ते. चालेल ना?"

"पिण्याचं वगळून सांगा."

"पिण्याचं वगळलं तर योहेई उरतो किती?"

आम्ही हसलो. मग मी नुईचं विचारलं, फारशी आशा न ठेवता. मासुएताईंचा हात पाण्यात थांबला. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"वादळाच्या वर्षी माझा पाय मोडला होता बघ. वाट वाहून गेलेली. तेव्हा नुईने मला पाठीवर घेऊन सगळा उतार खाली आणलं. वाटभर गाणं म्हणत होती, मला भीती वाटू नये म्हणून."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. "मासुएताई, ते आमचे हे होते."

"सादाहारू? छे गं. नुई होती. तिच्या मानेचा कापराचा वास अजून माझ्या नाकात आहे."

वादळाच्या त्या रात्री हे घरी आले तेव्हा मासुएताईंच्या पायाचं रक्त यांच्या सदऱ्याला लागलं होतं. तो सदरा मी माझ्या हातांनी धुतला होता. पण म्हाताऱ्या बाईशी वाद कशाला घालायचा. मी विचारलं, "मग यांचं काय सांगाल?"

मासुएताईंनी पुन्हा वड्या कापायला घेतल्या.

"भला माणूस होता," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून पुन्हा, "भला माणूस होता."

पुढे काही येईना.

धक्क्यावर तात्सुझो जाळं सांधत बसला होता. यांच्याहून लहान, यांना धाकट्या भावासारखा. मला पाहून म्हणाला, "या वहिनी. काकड्या देऊन आठवणी घेताय म्हणे. सौदा बरा आहे."

त्याची आठवण मला पाठ होती. त्याचे वडील समुद्रातून परत आले नाहीत, तेव्हा हा पोरगेला होता, खडकावरून हलायला तयार नव्हता. हे त्याच्या शेजारी जाऊन बसले. काही बोलले नाहीत, नुसते बसले, उजाडेपर्यंत. हे गेले तेव्हा तात्सुझोने तीच गोष्ट रडत रडत मला सांगितली होती.

"नुईकाकू बसली होती माझ्याजवळ," तो आता म्हणाला. "वडील गेले तेव्हा. रात्रभर. एक शब्द बोलली नाही."

ऊन होतं, माणसं होती, बर्फाच्या कारखान्याची घरघर चालू होती. तरी मला थंडी वाजली.

"तात्सुझो, हे तू मला यांचं म्हणून सांगितलं होतंस. हिवाळ्यात."

त्याने सुई खाली ठेवली. कपाळाला आठ्या घालून तो विचार करत राहिला. मग हळूच म्हणाला, "एक विचारू, वहिनी? तुम्ही पुन्हा कशाला विचारताय हे? नुईकाकू येऊन गेली ना विचारून."

"कधी?"

"परवा. तिन्हीसांजेला…" आणि आपण काय बोललो हे त्याला तेव्हा कळलं. त्याच्या तोंडचा रंग उतरला.

मग त्याने सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता. धुकं आलं होतं. वाळत घातलेल्या जाळ्यामागे कुणीतरी उभं होतं. चेहरा दिसत नव्हता. आवाज आला, माझं काही चांगलं आठवतं का रे?

"मला काही आठवेना, वहिनी. पण ती जाईना. उभीच. वास वाढत चालला… काहीतरी द्यायलाच हवं होतं. मनात जे पहिलं चांगलं आलं ते दिलं. मग गेली."

"ते कुणाचं होतं, तात्सुझो?"

त्याने समुद्राकडे पाहिलं. अगदी प्रामाणिकपणे आठवत होता बिचारा.

"नुईकाकूचंच असेल," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं असणार?"

त्या दुपारी मी आणखी काही घरं केली. सगळीकडे तेच. कुणाचं छप्पर नुईने शाकारलं होतं, कुणाच्या आजारी बाळासाठी ती होडी वल्हवत पलीकडे जाऊन डॉक्टरला घेऊन आली होती. चांगलं माणूस म्हटलं की या गावाच्या मनात पहिलं कोण येत असे, हे मला माहीत होतं. आणि आता यांच्याबद्दल विचारलं की सगळे एकच म्हणत. भला माणूस होता. शिंपला उघडावा आणि आत काही नसावं, तसं.

मी घरी आले ती टोपली तशीच दारात टाकून यांच्या फोटोसमोर बसले. माणूस एकदा गेलं होतं. ते मी सोसलं होतं. पण हे आता दुसऱ्यांदा जात होते, थोडे थोडे, घराघरातून. गावात कुणालाच आठवले नाहीत, तर मी एकटी यांना किती दिवस धरून ठेवणार होते?

उन्हं उतरली. समुद्रावरून धुकं वर चढू लागलं. रातकिडे अजून सुरू झाले नव्हते आणि झाडांवरच्या किड्यांची किरकिर एकाएकी थांबली. मागच्या वाटेवर लाकडी चपलांचा आवाज आला. टक… टक… घाई नसलेला. मी उठून मागचं सरकतं दार ओढून घेतलं आणि कडी शोधत राहिले. आमच्याकडे दारांना कड्या नसतात, हेसुद्धा त्या वेळी मला आठवलं नाही.

आवाज दारापाशी थांबला. कागदी दारावर कसलीही सावली नव्हती. वास मात्र आला. कापराचा, आणि त्याच्याखाली ओल्या शेवाळाचा, दिवसभर उन्हात राहिलेल्या.

"इसोए…"

माझंच नाव. मी दारापासून मागे सरले.

"तू सगळ्यांकडे जातेयस. माझ्याकडे नाही आलीस…"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. एखाद्याने खूप दारं ठोठावून शेवटच्या दारात यावं, तसा थकलेला आवाज होता.

"माझं काही चांगलं सांग ना, इसोए…"

आणि माझ्या जिभेवर आलं. मी या घरात नवी होते तेव्हाचा पहिला हिवाळा. बागेत काम करून माझी बोटं बधिर झाली होती, तर यांनी संत्रं सोलून एकेक फोड माझ्या तोंडात घातली होती. कुणी बघत नाही ना म्हणून आधी इकडेतिकडे पाहून. ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. ती ओठापर्यंत आली, आणि त्याच क्षणी त्या आठवणीतली बोटं मला नीट दिसेनात. सोलणारा हात खडबडीत होता की सुरकुतलेला… संत्र्याचा वास की कापराचा…

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. दाराबाहेर ती वाट बघत होती. दार जरासं आत दबलं, कुणी कपाळ टेकवावं तसं.

मग मी हात काढले. "नुईकाकू," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "चांगलं माझ्याकडे काही नाही. खरं आहे एक. ते चालेल?"

धुक्याचे थेंब पन्हळीतून गळत होते, तेवढाच आवाज.

"…सांग."

"मी नवी नवरी होते. सासूबाई बोलल्या म्हणून झऱ्यापाशी बसून रडत होते. तुम्ही बादली घेऊन आलात. मला वाटलं, विचाराल काय झालं म्हणून. तुम्ही माझ्या पायांवर बादली ओतलीत आणि म्हणालात, रडायचं तर खाऱ्या पाण्यापाशी जा, गोडं पाणी नासवू नकोस. मला एवढा राग आला की रडू थांबलं. घरी जाऊन सासूबाईंच्या दुप्पट जेवले. तुमचा राग मी पुढे कितीतरी वर्षं केला."

दाराबाहेर एक आवाज झाला. खोकल्यासारखा, कोरडा. नंतर माझ्या लक्षात आलं की ते हसू होतं. नुईला हसताना मी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून कळायला वेळ लागला.

चपला परत फिरल्या. टक… टक… खडकांच्या दिशेने.

ओबोनच्या पहिल्या संध्याकाळी सगळं गाव ओसरीत जमलं. माझा मुलगा तोमोया ओसाकाहून आला होता. नुईची पाळी आली तेव्हा कुणी बोलायच्या आत मीच उठले आणि बादलीची गोष्ट सांगितली. रीत मोडली म्हणून सगळे चपापले.

मग मासुएताई पुटपुटल्या, "माझ्या कोंबड्यांना खडे मारायची मेली."

"मला तोतऱ्या म्हणायची," तात्सुझो म्हणाला. "तोतरेपणा गेला तरी म्हणायची."

एकेक जण बोलू लागला. तिने कुणाचं शेवाळ उकिरड्यावर फेकलं होतं, पुजारीबुवांना घोरण्यावरून झापलं होतं. लोक हसत होते, डोळे पुसत होते. पहिल्यांदाच त्या ओसरीत नुई नावाची एक बाई आली, जशी होती तशी.

पुढे यांची पाळी आली. मासुएताई सावकाश उभ्या राहिल्या. "वादळाच्या वर्षी," त्या म्हणाल्या, "सादाहारूने मला पाठीवर घेतलं. वाटभर गात होता. बेसूर." मी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

त्यानंतर नाच. गेलेल्याचा फोटो पाठीला बांधून त्याला शेवटचं नाचवायचं असतं. यांना तोमोयाने पाठीवर घेतलं. नुईला कुणी नव्हतं, म्हणून तिचा फोटो मी बांधला. वर्तुळात तोमोया माझ्या पुढे होता, त्यामुळे यांचा चेहरा सगळा वेळ माझ्यासमोर, कंदिलाच्या उजेडात हलता. मी त्यांच्याकडे बघत नाचत होते. पण मी डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, तरी त्यांची नजर मला मिळेना. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. माझ्या पाठीवर. फोटो हलत होता, उजेड हलत होता, असं होतं कधीकधी. मी मनाला तसंच समजावलं.

पितरांना निरोप दिला. कंदील समुद्रात सोडले. गाव पुन्हा आपापल्या कामाला लागलं, आणि यांच्या गोष्टी मला वाटेत, दुकानात, झऱ्यावर परत ऐकू येऊ लागल्या. मी सुखाने झोपू लागले.

तोमोया ओसाकाला परतल्यावर काही दिवसांनी मला पलीकडे दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. सकाळची बोट. तिकिटाच्या खिडकीत नवीन मुलगी बसली होती, त्याच आठवड्यात पलीकडच्या गावातून कामाला आलेली. बेटावरचं कुणीही तिच्या ओळखीचं नव्हतं. तिने माझं नाव विचारलं आणि हसली.

"तुमचे यजमान चढलेत आधीच," ती म्हणाली. "पत्नी मागून येतेय, असं त्यांच्याबरोबरच्या आजींनी तुमचं नाव घेऊन सांगितलं. खिडकीजवळ बसलेत, त्या आजींबरोबर."

मी विचारलं, कोणत्या आजी. माझा आवाज शांत होता, ते अजून आठवतं.

"नाव नाही माहीत. कपड्यांना कापराचा वास होता. पण छान गप्पा चालल्या होत्या. आजी तुमच्याबद्दलच सांगत होत्या त्यांना, तुम्ही कशा आहात, काय करता." मुलीने तिकीट माझ्यापुढे सरकवलं. "आणि ते इतकं मन लावून ऐकत होते… जणू तुमचं नाव पहिल्यांदाच ऐकतायत."

बोटीचा भोंगा झाला. तिकीट माझ्या हातात होतं. मी धक्क्यावरच उभी राहिले.