परसातला नळ

त्या दिवशी मी फक्त वरणाला पाणी घ्यायला परसात गेले होते. नळ सोडला, हंडा खाली लावला. पाणी आलं नाही.

मला काही विशेष वाटलं नाही. भिलाईला येण्याआधी आम्ही आफ्रिकेत होतो, किसुमूला. हे तिथं रेल्वेत होते. नळ कधी जाईल, दिवे कधी जातील, नेम नसायचा. मोठ्या तळ्यावरून पिंपं भरून आणायची, तुरटी फिरवायची, उकळायचं, गाळायचं. परक्या मुलखात रडून भागत नाही, हे मी तिथंच शिकले. तेव्हा इथल्या कोऱ्या क्वार्टरमधला नळ आटला म्हणून घाबरणारी मी नव्हतेच.

पोलादाचा कारखाना तेव्हा अजून उभा राहत होता. सेक्टरात झाडं नव्हती, नुसता लाल मुरूम. मे महिना. दुपारी लू सुटली की रस्त्यावर चिटपाखरू नसे. दूर कुठंतरी लोखंड ठोकल्याचा आवाज तेवढा येत राहायचा.

मी शेजारच्या सिंधुताईंकडे गेले.

"आमच्या इथं तर धो धो येऊन राहिलं, वहिनी," त्या म्हणाल्या. "तुमच्याच नळाले काय झालं?" आणि त्यांनी घागर भरून दिली.

परत आले तर नळातून आवाज येत होता. सूं... सूं... हवा असेल म्हणून मी तोटीखाली तळवा धरला.

हवा बाहेर येत नव्हती. आत जात होती.

तळवा तोटीला चिकटला. आतून काहीतरी मऊ, खरखरीत हाताला लागलं... वासरानं चाटावं तसं. मी हिसका देऊन हात सोडवला. परसभर ओल्या, नुकत्याच उकरलेल्या मातीचा वास सुटला होता.

का कोण जाणे, मी तांब्या भरला आणि तोटीला लावला. नळ प्यायला. घट् घट् घट्. तांब्या रिकामा झाला, आवाज थांबला आणि जरा वेळानं तोटीतून बारीक, गढूळ धार लागली.

मग मी रोज तेच करू लागले. एक तांब्या पाजायचा, हंडा भरून घ्यायचा. कुणाला बोलले नाही.

एका रविवारी ह्यांनी पाहिलं. आमचे देवराव म्हणजे कडक माणूस. त्यांनी लगेच नत्थू फिटरला बोलावलं. नत्थू नळाजवळ आला आणि पाना खाली ठेवून मागं सरला.

"साहेब, हा नळ मी नाही खोलत जी."

"कावून?"

"पाइप टाकताना इथंच नाली ढासळली होती जी. माती वाहणारी एक रेजा होती, मथुरा. गळ्यापर्यंत गाडल्या गेली. तोंड वर होतं... पाणी मागून राहिली होती. ठेकेदार म्हणे, हिले काढत बसलो तर काम थांबते. भरून टाका."

"मग?"

"भरलं जी," नत्थू खाली बघत म्हणाला.

हे मोठ्यानं हसले. आत जाऊन थंडगार पाण्याचा पेला घेऊन आले, नळासमोर उभे राहिले आणि अर्धा पेला चवीनं, सावकाश प्यायले. उरलेला तापल्या फरशीवर ओतला.

"पाहिजे का पाणी? घे, चाट."

"अहो, नका ना..." मी म्हटलं.

त्यांनी लाकडाची खुंटी तासली आणि हातोडीनं तोटीत ठोकून बसवली. "आता माग म्हणावं."

जेवताना ते तांब्याभर पाणी प्यायले. मग आणखी एक. सकाळपर्यंत हंडा संपला, तरी ओठांना भेगा पडलेल्या. "वसु, पाणी दे... पाणी दे." डॉक्टर आले, सुई लावली, बाटल्यांमागून बाटल्या चढवल्या. पाणी आत जाई आणि कुठं जाई कळेना. कातडी हाडांना चिकटली. जीभ सुकून काळी पडली.

मी परसात धावले. खुंटी उपटायला गेले. आतून पाणी लागून लाकूड फुगलं होतं, तोटीत रुतून बसलं होतं. पाना लावला, वरवंट्यानं ठोकलं. हलली नाही. कान लावला तर आत... कुणीतरी तृप्तीनं ढेकर द्यावा, तसा आवाज.

शेवटी ह्यांना बोलता येईना. माझा हात ओढून घ्यायचे आणि तळवा चाटायचे. तसेच गेले.

चिपाडासारखा देह झाला होता. तरी तिरडी चौघांना उचलेना. आणखी दोघं लागले, तेव्हा उठली. आणि खालून पाणी गळायला लागलं. थेंब थेंब, मग धार. मुरमाच्या रस्त्यावर ओली रेघ उमटत गेली.

आम्ही बायका रिवाजाप्रमाणे फाटकाशीच थांबलो. माणसं वळणापलीकडं गेली, तेव्हा मी खाली पाहिलं. त्या रेघेला लागून अनवाणी पावलं उमटली होती. लहान, ओली, बाईची. तिरडीबरोबर गेलेली.

संध्याकाळी माणसं नदीवरून परतली. त्यांच्या मागोमाग ती पावलंही परत आली होती. आमच्या फाटकाशी थांबली नाहीत; आमच्या नळात खुंटी तशीच होती. सिंधुताईंच्या अंगणात वळली.

आत सिंधुताई पोरांना हाका मारत होत्या, "या रे, पाणी प्यायले या..."