गोड्या पाण्याची चव

रविवारी सकाळी सव्वासातला चौकीतला फोन वाजला. पलीकडचा माणूस रडत होता, त्यामुळे पत्ता तीनदा विचारावा लागला.

"शेडमधी साहेब पडल्यात. लई रगत हाय. लौकर या."

फोन करणारा कोंडीराम. हडपसरच्या मागच्या अंगाला असलेल्या एका पत्र्याच्या शेडचा साठीचा रखवालदार. शेडमध्ये गळाच्या काठ्या, बर्फाच्या पेट्या आणि बोटीची दोन इंजिनं. समुद्रापासून इतक्या लांब या सामानाचं काय काम, असं कुणालाही वाटेल. पण पुणेकराला हौस आली की तो ताम्हिणी घाट उतरून जातो. यज्ञेश्वर आणि पृथ्वीराज हे दोघे भागीदार दर सुट्टीला आयटीतल्या मंडळींना रायगडच्या किनाऱ्यावर नेत, खाडीच्या तोंडाशी बोट उभी करून गळ टाकायला शिकवत आणि माशासोबत फोटो काढून परत आणत.

त्यातला यज्ञेश्वर आता जमिनीवर पालथा पडला होता. डोकं मागून फुटलेलं. शेजारी बोटीचा लहान लोखंडी नांगर.

उपनिरीक्षक उत्कर्षा दिघोरे गुडघ्यावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. भंडाऱ्याहून पुण्यात येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. तिचे वरिष्ठ हिंदुराव मात्र दारातूनच एकदा पाहून मोकळे झाले. त्यांची नजर कोंडीरामच्या सदऱ्यावर होती. सदरा रक्तानं भरला होता.

"सदऱ्याला रक्त कसं?"

"साहेबांना उचलून बघितलं. जीव हाय का ते."

"आणि नांगराला हात?"

"त्यो अंगावर व्हता. बाजूला केला."

"काल दुपारी कुठं होतास?"

"साडेतीनला मंडईत गेलो. सहाला आलो. शेडला आतनं दिवा व्हता. साहेब काम करत असतील म्हनून हाक न्हाई मारली."

"तुला त्यांनी कामावरून काढलं होतं ना? शेजारचा गॅरेजवाला सांगतोय."

कोंडीराम गोंधळला. "काढलं न्हाई साहेब. गावाला जा म्हनले. शेडच बंद करनार व्हते. शुक्रवारी फोनवर कुनाला तरी म्हनत व्हते, सोमवारी येतो, पोरीबद्दल खरं सांगायचंय."

"कुठली पोरगी?"

"ते न्हाई ठाव."

हिंदुरावांनी वहीत पहिल्या दोन उत्तरांपुरतंच लिहिलं. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ शनिवारी दुपारी चार ते सहा अशी दिली आणि दुपारपर्यंत कोंडीरामला बेड्या पडल्या. कोर्टानं बुधवारपर्यंत पोलीस कोठडी दिली. त्याची बायको यमुनाबाई चौकीच्या बाकावर येऊन बसली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारी, "त्यांनी कोंबडीबी कदी कापली न्हाई वो. आता फाशी देतील का?"

उत्कर्षाला तिच्याकडे बघवत नव्हतं.

पृथ्वीराज रविवारीच दुपारी एक वाजता पोचला होता, थेट किनाऱ्यावरून. गाडीतून उतरला आणि शेडच्या पायरीवर डोकं धरून बसला. उंच, देखणा माणूस. चेहरा गोरा, तुकतुकीत. उत्कर्षाचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. पंजांची मागची बाजू उन्हानं भाजून लाल झाली होती, बाहीच्या कडेपासून बोटांपर्यंत.

"शनिवारी कुठं होतात आपण?"

"खाडीवर. एकटाच गेलो होतो बोट घेऊन, पावसाळ्याआधी एकदा जागा बघून यावी म्हणून. रात्री तिथंच राहिलो."

"किती वाजता परत आलात पाण्यातून?"

"सहाच्या पुढे. साडेपाचच्या भरतीला मासा लागला. बघा ना, ग्रुपवर टाकलाय."

फोटो पाच चाळीसचा होता. बोटीत बसलेला पृथ्वीराज, मांडीवर हातभर लांबीचा जाडजूड जिताडा. पाठ काळपट, पोटाला पितळी झाक. खाली मजकूर: 'खाडीचं अगदी तोंड. पाण्यात मीठ ३४. उन्हाळ्यात जिताडा इथंच!'

"हे मीठ कसलं?"

एवढ्या दुःखातही त्याचा उत्साह लपला नाही. "तेच तर आमचं वैशिष्ट्य, मॅडम. दुर्बिणीसारखं छोटं यंत्र असतं. पाण्याचा थेंब टाकायचा, किती खारट ते कळतं. उन्हाळ्यात नद्या आटतात, गोडं पाणी येत नाही, खाडी समुद्राइतकी खारट होते. मग कुठला मासा कुठं सरकला असेल, ते त्या आकड्यावरून ठरतं. आमची गिऱ्हाइकं गळ टाकण्याआधी मीठ मोजतात."

मोबाइलचा टॉवर खाडीकाठचा निघाला. गाडी शनिवारी एकाही टोलनाक्यावरून गेली नव्हती. हिंदुरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

जाताना पृथ्वीराजनं बर्फाची पेटी उघडली. "घरी आता कोण खाणार हे? तुम्ही न्या, साहेब. टाकवत नाही." हिंदुरावांनी आढेवेढे घेत मासा घेतला. आढेवेढे साधारण अर्धा मिनिट टिकले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला. "घ्या दिघोरे. आमच्या मिसेसनं केलंय. समुद्राचा जिताडा आहे, तुमच्याकडं बघायला मिळायचा नाही."

उत्कर्षानं घास घेतला आणि तिला एकदम आई आठवली. तिखटाच्या आड, अगदी तळाशी, ओल्या मातीचा वास. तिचा बाप ढिवर. गावच्या तलावात जाळं टाकून त्यानं तीन पोरं शिकवली होती. उन्हाळ्यात तलाव आटत आला की माशाला हाच मातकट वास यायचा. दीड वर्षात पहिल्यांदा पुण्यात तिला घरचं जेवल्यासारखं वाटलं. दुसरा घास मात्र तिनं हातातच धरून ठेवला.

घरचं का वाटावं?

संध्याकाळी तिनं वडिलांना फोन लावला.

"बाबा, समुद्रातल्या माशाले चिखलाचा वास येते का?"

"समुद्र म्या कुठं पाह्यला, बाई? पण तलावातल्या माशाले येते. मासा ज्या पाण्यात रायते, ते पाणी त्याच्या अंगात मुरते. काऊन, काय झालं?"

"काही नाही. तुमी जेवले का?"

हिंदुराव ऐकून हसले. "चवीवरून सोडायचं आरोपीला? कोर्टात काय चमचा नेणार?"

"सर, मंगळवारची सुट्टी हवी आहे."

"घ्या. बुधवारी तीनला त्याला कोर्टात उभं करायचंय, तेवढं लक्षात असू द्या."

बाहेर यमुनाबाई बाकावरच झोपली होती, पिशवीत नवऱ्याचा धुतलेला सदरा घेऊन.

मंगळवारी पहाटे उत्कर्षा निघाली. दहाच्या सुमाराला ती खाडीवर पोचली. पाणी ओहोटीला लागलं होतं आणि उन्हानं काठावर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते. पृथ्वीराजची बोट सांभाळणारा रतन जाळं सांधत बसला होता. तिनं फोटो पुढे केला, फक्त माशाचा.

"हा कुठला असेल?"

रतननं एकदाच पाहिलं. "तळ्यातला."

"खाडीतला नाही कशावरून?"

"काळा आहे ना, मॅडम. जिताडा दोन्ही पाण्यात जगतो. पण खाऱ्यात राहिला की चांदीसारखा पांढरा होतो, गोड्या तळ्यात पाळला की असा काळा. आमच्याकडं घराघराच्या तळ्यात पाळतात."

"खाडीत काळा मिळतच नाही?"

"पावसाळ्यात मिळतो की. नदीला पूर आला की खाडी गोडी होते, तेव्हा वरचे मासे खाली येतात. पण मे महिन्यात तोंडाशी? इथं आता नुसतं मीठ आहे." आणि मग तो हसला. "हा तर मीच आणून दिला शनिवारी सकाळी. पृथ्वीराजसाहेबांना. पुण्याचे लोक नेहमी करतात असं. गळाला काही लागलं नाही की विकत घेतात, बोटीत बसून फोटो काढतात. आम्ही कशाला बोलतो?"

"मग फोटो पाच चाळीसला कुणी टाकला?"

रतनचे हात जाळ्यावर थांबले.

"तुमच्याकडं मोटारसायकल आहे का, रतनभाऊ?"

त्यानं मान खाली घातली. तिनं घाई केली नाही. शेजारी वाळूवर बसली आणि पुण्यात एक म्हातारा कोठडीत आहे, तो कुणाचा कोण, त्याची बायको कुठं झोपते, एवढंच सांगितलं. त्यानंतर रतन अर्धा तास बोलत होता.

बुधवारी दुपारी एकला पृथ्वीराजला जबाबावर सही करायला बोलावलं. हिंदुराव खुर्चीत, उत्कर्षा उभी. तिनं जबाब वाचून दाखवला.

"मासा तुमच्याच गळाला लागला? खाडीच्या तोंडाशी, साडेपाचला?"

"हो. लिहिलंय तेच."

"मग सही करा."

त्यानं झोकात सही केली.

"पृथ्वीराज, तुम्ही लोकांना पाण्यातलं मीठ मोजायला शिकवता. पण स्वतःच्या माशाचं मोजायला विसरलात. चौतीस मिठाच्या पाण्यातला जिताडा पांढराशुभ्र असायला हवा. तुमचा काळा आहे. आणि त्याला मातीचा वास होता. रतन म्हणतो, तळ्यातला मासा चार-सहा दिवस खाऱ्या पाण्यात ठेवला तरी तो वास निघून जातो. तुमच्या माशानं खारं पाणी पाहिलेलंच नव्हतं."

पृथ्वीराज हसला. "बरं, विकत घेतला. सगळेच घेतात. फुशारकी मारणं गुन्हा आहे का?"

"नाही. पण आत्ता, खुनाच्या तपासात, विकतच्या माशावर सही कशाला केलीत? कारण साडेपाचला तुम्ही पाण्यात होतात याला तो मासा सोडून दुसरा साक्षीदार नाही. फोटो सकाळी दहाला काढलात. फोन रतनकडं दिलात आणि पाच चाळीसला ग्रुपवर टाक म्हणालात. कुठल्या तरी बाईचा मामला असेल असं समजून तो गप्प बसला. गाडी तिथंच ठेवलीत, कारण टोलनाक्यावर तिची नोंद होते. मोटारसायकलची होत नाही. साडेदहाला रतनची मोटारसायकल घेऊन निघालात. ताम्हिणीच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्यात तिचा नंबर आहे, सव्वाबाराला पुण्याकडं आणि रात्री आठला परत. चालवणाऱ्यानं हेल्मेट काढलं नाही. म्हणून चेहरा कोरा राहिला, हात भाजले. दिवसभर बोटीत बसलेल्या माणसाचं नाक आधी सोलतं."

पृथ्वीराजनं हात टेबलाखाली घेतले. हिंदुराव आता खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

"कारण काय पण?" त्यांनीच विचारलं.

"अवनी. सदाशिव पेठेतली, तेवीस वर्षांची. नोव्हेंबरात ऑफिसच्या लोकांबरोबर यांच्या बोटीवर गेली आणि बुडाली. सेल्फीसाठी तिनं स्वतःच लाइफ जॅकेट काढलं, असा जबाब यांनी आणि यज्ञेश्वरनं दिला. पेपरातही तेच आलं. बोटीत माणसं सहा आणि जॅकेटं चार होती, सर. हे रतननं मला काल सांगितलं. यज्ञेश्वरला सहा महिने झोप लागत नव्हती. शुक्रवारी त्यानं तिच्या आईला फोन केला, मोबाइलच्या नोंदीत तो नंबर आहे. सोमवारी जाऊन तो खरं सांगणार होता. धंदा बंद करणार होता. कोंडीरामला त्यानं गावाला जा म्हटलं ते म्हणून. हे कोंडीरामनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आपण लिहून घेतलं नाही."

हिंदुरावांनी वही ओढली आणि लिहायला घेतलं.

"मी नुसता समजवायला आलो होतो," पृथ्वीराज हळूच म्हणाला. "तो ऐकेचना. तो पाठ फिरवून सामान आवरायला लागला."

"समजवायला येणारा माणूस सकाळी दहालाच मासा विकत घेऊन ठेवत नाही," उत्कर्षा म्हणाली. "हेच तुम्ही जुलैत केलं असतंत, तर पचलं असतं. तेव्हा खाडी गोडी असते."

त्याला आत नेलं. हिंदुरावांनी टेबलावरचा जबाब फाइलीत लावला. मग म्हणाले, "घरी फ्रीजमध्ये दोन तुकडे शिल्लक आहेत. पुरावा म्हणून लागतील ना?"

"लागतील, सर."

साडेचारला कोर्टातून कोंडीराम सुटला आणि सामान घ्यायला चौकीत आला. तीन दिवसांत त्याचा आवाज बसला होता. यमुनाबाईनं त्याला धुतलेला सदरा घातला, गुंड्या लावल्या, पण तो दाराकडे वळेना.

"काका, जा आता घरी."

"जातो की. पन बाई, कोर्टात समदं कळलं. साहेबांचं त्ये काम राह्यलं न्हवं? पोरीच्या आईला सांगायचं. आता कोन सांगनार?" आणि तो बाकावर बसला. यमुनाबाईही बसली.

उत्कर्षानं नंबर लावला. आईचं नाव मंदाकिनी. आवाज स्वच्छ, शिक्षिकेचा.

"ते गृहस्थ सोमवारी येणार होते. मी दिवसभर वाट पाहिली. आपण कोण?"

उत्कर्षानं नाव सांगितलं आणि मग तयार केलेली सगळी वाक्यं सोडून दिली.

"अवनीनं जॅकेट काढलं नव्हतं, बाई. तिला दिलंच नव्हतं."

पलीकडे भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

"तिला पाण्याची भीती वाटायची," मंदाकिनीबाई शेवटी म्हणाल्या. "ती जॅकेट काढणारच नाही, हे मी सगळ्यांना सांगत होते." मग आवाज दाबून त्यांनी विचारलं, "आपण हे तिच्या बाबांना सांगाल का? ते सहा महिने तिच्यावर रागावलेले आहेत. फोटोसुद्धा लावू देत नाहीत."

फोन हातातून हातात गेला. पलीकडून कुणीतरी खाकरलं. उत्कर्षानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.