‘हं’ म्हटल्याशिवाय

ही गोष्ट खरी आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि मोठ्या मामांचा तर त्याहून नाही. ते मेकॅनिक. जे उघडून बघता येत नाही ते नाहीच, असं मानणारा माणूस. पण त्या मंगळवारी दुपारी चार वाजता, लख्ख उजेडात, स्वतःच्याच गॅरेजमध्ये जे घडलं त्याचा उलगडा त्यांना आजही झालेला नाही.

गॅरेज दोघा भावांचं. एक जुनी एटीव्ही होती त्यांच्याकडे, खडबडीत वाटांवर चालणारी चार चाकांची बाईक. फोर-स्ट्रोक इंजिन, दोर ओढून सुरू करायची. टेकडीवरचे पंप दुरुस्त करायला धाकटे मामा तीच घेऊन जायचे.

त्या मंगळवारच्या तीन महिने आधी ती चढावर अचानक बंद पडली. मागे घरंगळली, उलटली, आणि धाकटे मामा तिच्याखाली चिरडले. जागीच गेले.

आदल्याच दिवशी तिचं काम मोठ्या मामांनी केलं होतं.

"दादा, गाडीत काही खोट होती का?" धाकट्या मामीने एवढंच विचारलं होतं.

"तपासतो, मग सांगतो," मामा म्हणाले. पण तपासणार काय? गाडी त्या दिवसापासून सुरूच होत नव्हती.

त्यांनी जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. कार्बोरेटर खोलून धुतला. प्लग काढून बघितला, ठिणगी निळी आणि दमदार. सगळं जिथल्या तिथे.

तरी गाडी ढिम्म.

त्या मंगळवारी एकच तपासणी उरली होती, कॉम्प्रेशनची. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दोर ओढायचा. आतून हवेचा जोरदार धक्का बसला तर इंजिन ठीक. पण भोक एका बाजूला, दोर दुसऱ्या बाजूला. हे काम दोघांचं. वीस वर्षं मोठ्याचा अंगठा आणि धाकट्याचा दोर, अशीच वाटणी होती. सुरुवातीला एकदा धाकट्याने आधीच दोर ओढला आणि मोठ्याचा हात सोलला. तेव्हापासून नियम ठरला. मोठा ‘हं’ म्हणेल, मगच ओढायचं.

"तुझं ‘हं’ आल्याशिवाय मी शिंकणारसुद्धा नाही," धाकटे मामा म्हणायचे.

मामांनी अंगठा ठेवला. समोर भिंतीवर नट-बोल्टचे पाने टांगलेले होते, तिकडे बघत, नुसत्या सवयीने, त्यांच्या तोंडून निघून गेलं…

"हं."

खर्रर्र…

अंगठ्याला हवेचा धक्का बसला.

मामा जागच्या जागी थिजले. पलीकडे कोणी नव्हतं. फक्त दोराची मूठ… हलत होती.

तुम्ही-आम्ही पळालो असतो. मामांना मात्र उत्तर हवं होतं. त्यांनी प्लग बसवला. मग परत त्याच बाजूला उभे राहिले. आणि म्हणाले…

"हं."

एका ओढीत गाडी सुरू झाली.

मामा ढसाढसा रडले. गाडी चांगली होती! आपल्या हातून काही चुकलं नव्हतं! सवयीने त्यांनी घड्याळ बघितलं. पाच मिनिटं झाली. आठ झाली. इंजिन एका लयीत चालत होतं.

अकराव्या मिनिटाला ते खोकलं…

आणि बंद पडलं.

गॅरेजपासून तो चढ बरोबर अकरा मिनिटांवर आहे.

मग त्या शांततेत एक बारीक आवाज आला. सीऽऽऽ… टाकीच्या झाकणाकडून.

मामांनी झाकण फिरवलं. ते घट्ट आवळलं होतं. सुटलं तशी टाकीने हवा आत ओढली, श्वास कोंडलेल्या माणसासारखी. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यावी लागते, म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. या झाकणाला ते नव्हतं. मूळ झाकण हरवलं म्हणून अपघाताच्या आदल्या दिवशी मामांनीच भंगारातलं एक बसवलं होतं. आटे जुळले, म्हटलं चालेल तात्पुरतं. नंतर ते विसरूनही गेले.

"दादा, सुरू झाली ना? मी ऐकलं." दारात धाकटी मामी उभी होती. "म्हणजे गाडीत खोट नव्हती?"

मामांनी झाकण मुठीत लपवलं.

"नव्हती," ते म्हणाले.

त्यांच्या पाठीमागे…

खर्रर्र.

नियम ठरल्यापासून पहिल्यांदाच, ‘हं’ न म्हणता.

गॅरेजला आता कुलूप आहे. झाकण मामांच्या खिशात असतं. मला त्यांनी ते दाखवलं, आणि कोणाला सांगू नकोस म्हणाले. मला राहवलं नाही.

मामी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "गाडी चांगली होती हो. आमच्या यांचंच लक्ष नसेल."

ती असं म्हणाली, की मामा मान खाली घालतात. मागच्या आठवड्यात मीही तिथे बसले होते.

कुलूपबंद गॅरेजमधून दोर ओढल्याचा आवाज मीसुद्धा ऐकला.