चिडेल त्यानं केक आणायचा

नमिता गेली त्या दिवशी मी फर्स्ट शिफ्टला होतो. डोलवीला कंपनीत आमच्या खात्यात फोन आत नेऊ देत नाहीत, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. शिफ्ट सुटल्यावर लॉकर उघडला तर मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. सासऱ्यांचे, शेजाऱ्यांचे, कधी फोन न करणाऱ्या माणसांचे. मी पहिला फोन हलीमाला लावला, कारण ती सरळ बोलते.

"प्रविण, तू आधी कुठंतरी बस," ती म्हणाली.

"बसत नाय. बोल."

"नमिता नाय राहिली रे."

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. गेटवरचा सिक्युरिटीवाला खुर्चीतून उठून उभा राहिला, एवढं आठवतं.

सकाळी जोह्याला तिच्या वडिलांच्या कारखान्यात ती गणपतींचे डोळे रंगवायला बसली होती. डोकं दुखतंय म्हणाली आणि तशीच कलंडली. डोक्यात रक्तस्राव. पेणला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. म्हणजे मी तिनं दिलेला डबा खात होतो तेव्हा जोह्यात कळलेलं होतं, पेणच्या रिक्षा स्टँडवर कळलेलं होतं. नवऱ्याला सगळ्यांत शेवटी.

मला राग आला. तो अजून गेलेला नाही. लोक येतात आणि म्हणतात, चांगली माणसं देवाला हवी असतात. मग तुम्ही अजून इथं कसे, असं विचारावंसं वाटतं. एका आत्याबाईंना विचारलंही. त्या चहा अर्धा ठेवून उठल्या.

तेरावं झाल्यावर हलीमा आणि भाविका आल्या. कॉलेजच्या पहिल्या वर्षी रोह्याच्या हॉस्टेलला या दोघी आणि नमिता एका खोलीत होत्या. तेव्हापासून तिघींचं एकमेकींशिवाय पान हललेलं नाही.

"जानेवारीत तिचा वाढदिवस," हलीमा म्हणाली. "दरवर्षीसारखा करायचा. तुझ्याच घरी."

"डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? मेलेल्या माणसाचा वाढदिवस करतात? जयंती करतात, ती पण पुढाऱ्यांची."

भाविका रडायला लागली. हलीमा रडली नाही. दारात चप्पल घालता घालता ती म्हणाली, "चिडलास ना? मग केक तू आणायचा. नियम म्हणजे नियम."

मी दार आपटलं.

हा नियम काय आहे ते सांगायचं तर रोह्यापासून सांगावं लागेल. केक आणायचा की नाही ते मी ठरवलेलं नव्हतं. रागात माणूस काय ठरवणार?

मी अष्टमी गावचा. कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडला की रोहा, आणि रोह्याला आमचं कॉलेज. पहिलं वर्ष होतं. ऑगस्टमध्ये पेणला मामाकडे गेलो होतो, परत येताना एसटी खचाखच भरलेली. माझ्या शेजारच्या खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली, पाऊस सरळ खांद्यावर. पुढच्या सीटवर एक मुलगी मांडीवर पुठ्ठ्याचा खोका घेऊन बसली होती. नागोठण्याच्या वळणावर बस हेलकावली आणि फळीवरची माझी बॅग थेट तिच्या खोक्यावर पडली.

"मेले!" ती किंचाळली. "माझा केक!"

अख्खी बस माझ्याकडे बघायला लागली. मी सॉरी म्हटलं, दोनदा म्हटलं. तिनं खोक्याचं झाकण जरासं उचलून आत बघितलं, परत लावलं आणि तोंड ओढणीत घातलं. खांदे हलत होते. मला वाटलं, रडते आहे.

"मी… भरून देतो ना," मी म्हटलं.

"नको. एका बाजूनंच गेलाय," ओढणीतून आवाज आला. "पण आता माझ्यानं नाय उचलवणार. हातपाय गळाले माझे. हॉस्टेलपर्यंत नेशील?"

मी खोका उचलला आणि कळ कमरेपर्यंत गेली. स्टँडपासून हॉस्टेलपर्यंत पाऊस कोसळत होता. तिच्याकडे छत्री होती. ती तिनं खोक्यावर धरली होती.

"छत्री जरा इकडं घे ना. मी भिजतोय."

"तू सुकशील. केक नाय सुकणार."

"एवढा जड कसा काय हा?"

"ड्रायफ्रूट हाय."

"ड्रायफ्रूट हाय का धोंडा?"

"काजू मोठे हायत," ती म्हणाली आणि पुढे बघून चालायला लागली. पण मला तिचा गाल दिसत होता… आणि तो गाल हसत होता. तेव्हाच कळायला हवं होतं.

हॉस्टेलच्या गेटवर पुतळीमावशी बसायच्या. मुलगा दिसला की काठी आपटायच्या. त्यामुळे मी गेटच्या बाहेरच्या पत्र्याखाली थांबलो आणि हलीमा, भाविका बाहेर आल्या. भाविकाचा वाढदिवस होता. हलीमानं मेसमधली सुरी आणली होती. खोका उघडला. पांढरं शुभ्र क्रीम, लाल चेरी, कडेनं गुलाबी नक्षी. एका कोपऱ्याचा टवका उडालेला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. भाविकानं सुरी लावली.

टक्.

तिनं परत लावली. परत टक्. नमिता आणि हलीमा भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. तो प्लास्टरचा केक होता. नमितानं वडिलांच्या कारखान्यात ओतलेला आणि गणपतीच्या रंगांनी रंगवलेला. भाविका लाल झाली, पण ओठ दाबून हसत राहिली. का हसते आहे ते मला कळेना. मी मात्र फुटलो.

"एवढ्या पावसात मी धोंडा वाहून आणला? तू बसमध्ये रडलीस ते काय होतं? माणसाला काय गाढव समजता का तुम्ही?"

तिघींनी एकदम बोट केलं. "चिडला! चिडला!"

"आमच्या खोलीचा नियम हाय," हलीमा म्हणाली. "आधी खोटा केक कापायचा. जो पहिला चिडेल त्यानं खरा आणायचा."

"मी तुमच्या खोलीचा नाय!"

"आता झालास," नमिता म्हणाली.

मी शिव्या देत निघालो. पुलापर्यंत गेलो. तिथं उभा राहून अजून थोड्या शिव्या दिल्या. मग मागे फिरलो, बेकरीत गेलो आणि केक घेऊन गेटवर आलो. का आलो ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. "आता झालास" म्हणताना तिच्या भुवईला चेरीचा लाल रंग लागलेला होता, तो डोळ्यांसमोरून जात नव्हता. केक तिच्या हातात दिला, तर तिनं आधी त्यावर टिचकी मारून बघितली.

"मी तुझ्यासारखा नाय," मी म्हटलं.

"दिसतंच हाय," ती म्हणाली. "तू लई सरळ हायस. तुझं कसं होणार?"

त्या खोलीत मी कधी पाऊल ठेवलं नाही, पण तिथलं सगळं मला ठाऊक आहे, कारण नमिता सांगायची. हॉस्टेलला इलेक्ट्रिक किटली चालायची नाही आणि या तिघींकडे ती होती, मॅगीसाठी. रेक्टर मॅडम तपासायला आल्या की नमिता कपाटात किटलीच्या पुढ्यात प्लास्टरचा उंदीर ठेवायची. गणपतीच्या पायाशी असतो तसाच, फक्त काळा रंगवलेला. मॅडमनी कपाट उघडलं, किंचाळल्या आणि स्वतःच बंद केलं. किटली वाचली. मेसमध्ये उकडलेलं अंडं मिळालं की ती बॉलपेननं त्यावर डोळे काढायची. भाविकाला मग ते खाववत नसे. "बघतंय गो माझ्याकडं," म्हणायची आणि हलीमा तिच्या ताटातलं अंडं उचलून खायची.

हसण्यासारखं आहे ना? मीही हसायचो. आता ते आठवलं की भिंतीवर काहीतरी फेकावंसं वाटतं.

मी गेटवर जायला लागलो. कधी नोट्स द्यायला, कधी नोट्स मागायला. पुतळीमावशींनी काठी आपटणं सोडून दिलं आणि एक दिवस म्हणाल्या, "नमिताऽ, तुझा चिडका आलाय गो!" तेव्हापासून माझं नाव तेच पडलं. नमिता मला मुद्दाम चिडवायची आणि स्वतः कधीच चिडायची नाही. तिची चप्पल लपवली, तर ती अनवाणी लेक्चरला येऊन बसली. मी भेटायची वेळ देऊन गेलो नाही, तर म्हणाली, "बरं झालं, मला अभ्यास करता आला." दिवाळीनंतर हलीमाचा वाढदिवस झाला, तेव्हाही खरा केक मीच आणला.

जानेवारीत नमिताचा आला. मी ठरवलं, या वेळी हिला चिडवायचंच. केक मी ओतणार. हलीमाला आणि भाविकाला सांगितलं, तुम्ही काही करू नका. पेणहून प्लास्टर आणलं, आईच्या टोपात कालवलं आणि ठेवलं. टोपाला आतून तेल लावावं लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते असं बसलं की उपडं करून बडवलं तरी हलेना. आई बडबडत होती. शेवटी तसंच वरून रंगवलं आणि टोपासकट घेऊन गेलो. क्रीम-चेरी काढायला जमेना, म्हणून नमिताचं तोंड काढलं होतं. नाक, हसू आणि दोन डोळे.

नमितानं टोप बघितला आणि खिदळली. "केक शिजवून आणलास का रे?" मग वाकून नीट बघितलं. आणि हसू गेलं.

"हे डोळे हायत?"

"हो. तुझे."

"हे माझे डोळे? एक वर बघतोय, एक पेणला बघतोय! बुबुळ असं मधोमध ठोकतात का? पापणी कुठं हाय? डोळे असे काढतात? ब्रश कुणी दिला तुझ्या हातात?" तिचा आवाज चढत गेला. नाकपुड्या फुगल्या. कारखान्यात तिच्या वडिलांचा आवाज असा चढत असणार. "लाज वाटत नाय? असे डोळे घेऊन तू माझ्यासमोर…"

हलीमानं हळूच बोट वर केलं. "नमिता चिडली."

नमिता थांबली. तिघींच्या इतिहासात पहिल्यांदा ती चिडली होती, आणि तेही स्वतःच्या वाढदिवसाला.

"मी येतो बेकरीत," मी म्हटलं.

"नको. माझा नियम मी पाळीन."

"वाट दाखवतो."

"मला ठाऊक हाय वाट."

तरी मी गेलोच. ती मुद्दाम जवळची बेकरी सोडून पूल ओलांडायला लागली, अष्टमीच्या बाजूला. ऊन होतं. खाली नदीला पाणी कमी. ती अजून रागात होती, पावलं आपटत चालत होती. मला ती तशी इतकी आवडली की…

"नमिता."

"बोलू नको."

"तुझे डोळे मला काढता येणार नाहीत."

"ते दिसलंच."

"पण मला बघता येतात. रोज बघितले तरी… मला कंटाळा नाय येणार."

ती थांबली. कठड्याला टेकली. पुलावरून टेम्पो गेला.

"हे तू पाठ करून आलास?"

"नाय. पाठ केलेलं सगळं विसरलो."

"मग ठीक हाय," ती म्हणाली. "शिकवीन मी तुला. डोळे काढायला."

"किती दिवस लागतील?"

"तुझा हात बघता… लई वर्षं."

"चालेल."

"चालेल काय? माझ्या बाबांना येऊन सांग. आत्ता नको. नोकरी लागल्यावर. आणि तिथं चिडू नको."

नोकरी लागल्यावर मी जोह्याला गेलो. तिचे वडील, काळुराम, मूर्तीवरून हात न काढता म्हणाले, "तू रागीट हायस असं ऐकलंय."

"हो."

"बाबा, त्याचा राग आपल्या फायद्याचा हाय," नमिता आतून म्हणाली. "दर वाढदिवसाला केक येतो."

लग्न झालं. पेणला खोली घेतली. तिघींचे वाढदिवस चुकले नाहीत, लॉकडाऊनमध्ये फोनवरून केले. नमिता त्या पुलावरच्या दिवसानंतर परत कधी चिडली नाही. डोकं दुखतंय म्हणायची, तेव्हा मी म्हणायचो, दाखवू कुणाला तरी. ती म्हणायची, रंगाचा वास हाय, आणि गोळी घेऊन कामाला लागायची. त्यावर चिडायला पाहिजे होतं कुणीतरी. तिनं चिडायला पाहिजे होतं, स्वतःच्या डोक्यावर, दुखण्यावर. सगळ्या जगाला हसत बसली. मला सगळ्यांत जास्त राग तिचाच आहे. आणि तो सांगायला तीच नाही.

काल फोननं आपणहून दाखवलं, नमिताचा वाढदिवस रविवारी आहे, तिला शुभेच्छा द्या. मी फोन गादीवर फेकला. मग तोच उचलून हलीमाला लावला.

"किती वाजता येताय?"

ती म्हणाली, "अकराला. खोटा आम्ही आणतो. भाविकानं केलाय. घाण झालाय."

"टोपातून निघाला का?"

"निघाला. तुझ्यासारखं नाय." आणि मग ती रडली. तेराव्यानंतर आली होती तेव्हा रडली नव्हती.

आज संध्याकाळी मी बेकरीत गेलो आणि केक सांगून आलो. चॉकलेटचा, मधल्या आकाराचा. बेकरीवाला नवीन पोरगा आहे, त्याला काही ठाऊक नाही. त्यानं विचारलं, वर नाव काय लिहायचं? मी म्हटलं, सांगतो.

अजून सांगितलेलं नाही.